टपालहशील, बटवडा आणि रेंगाळलेला विक्रेता

जालना जिल्ह्याच्या आग्नेय भागात, जालन्याहून सुमारे ६० किलोमीटरवर वसलेले मंठा हे तालुक्याचे गाव आहे. रेल्वेचा रूळ तेथवर पोचलेला नाही, जवळचे स्टेशन परतूरचे. शेगावाहून लोणार, मंठा, परतूर, माजलगाव असा पंढरपूरकडे जाणारा रस्ता मात्र गावास स्पर्श करून जातो. कापूस, सोयाबीन आणि तूर यांवर ज्या मुलखाचा संसार चालतो, त्या मुलखातील बाजारपेठेत रोजच्या गरजेच्या जिनसा मिळतात. परंतु फवारणीयंत्राचा एखादा विशिष्ट सुटा भाग, स्पर्धापरीक्षेचे एखादे पुस्तक, किंवा लग्नासाठी हव्या त्याच रंगाची पैठणी मिळेलच अशी शाश्वती नसते, आणि तेवढ्यासाठी जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च यांवर पाणी सोडावे लागते. म्हणून मोबाइलवरून माल मागविण्याची चाल अशा गावांत रूढ झाली, ती हौसेपेक्षा निकडीने अधिक. आणि निकडीने केलेल्या खरेदीत माल उशिरा आला, किंवा ठरलेल्या किमतीवर टपालहशिलाची अनपेक्षित भर पडली, तर होणारी हानी शहरातील ग्राहकाच्या हानीहून पुष्कळच मोठी असते. दूर बसलेल्या विक्रेत्याशी होणाऱ्या या दोन वादांचे, म्हणजे विलंबाच्या आणि वाहतूकखर्चाच्या वादांचे, कायदेशीर व व्यावहारिक स्वरूप काय आहे, ते या प्रकरणात पाहावयाचे आहे.

न पाहिलेल्या विक्रेत्याकडून न पाहिलेला माल मागविण्याचा व्यवहार आपल्याकडे पुरातन नसला तरी चांगला दीडशे वर्षांचा आहे. इंग्रजी मुलखात १८५४ च्या ऑक्टोबरपासून अंतर कितीही असले तरी हलक्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर सुरू झाला. १८७७ साली माल हाती देताना पैसे वसूल करण्याची व्ही. पी. ची पद्धत निघाली, आणि तीन वर्षांनी, १८८० साली, मनिऑर्डर आली. या तीन सोयींच्या पायावर पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांचा, औषधी कारखान्यांचा आणि बी-बियाणे विकणाऱ्यांचा दूरदूरचा व्यापार उभा राहिला. जुन्या मासिकांतील जाहिरातींत किमतीच्या आकड्याशेजारी ‘ट. ह. निराळे’, म्हणजे टपालहशील वेगळे, अशी बारीक अक्षरे छापलेली असत. ती बारीक असली तरी छापलेली असत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण आजच्या पुष्कळशा वादांचे मूळ ती अक्षरे योग्य वेळी न दाखविण्यात आहे. मंठ्याचा मुलूख त्या काळी निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद संस्थानचे टपालखाते स्वतंत्र होते, त्याची तिकिटे १८६९ पासून निराळी निघत, आणि संस्थानाबाहेरून येणाऱ्या मालावर करोडगिरी नावाची जकात पडे. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १९५० साली, हे टपालखाते भारतीय टपालखात्यात मिळाले. किमतीशिवाय आणखी काय भरावे लागेल हा प्रश्न या भागातील खरेदीदाराला अशा रीतीने पूर्वापार पडत आलेला आहे.

व्ही. पी. ची रचना आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीची जननी म्हणावी लागेल. पाठविणाऱ्याने वसुलीची रक्कम पार्सलावर लिहावयाची, पोस्टमनने ती घेऊन माल हवाली करावयाचा, आणि टपालखात्याने ती रक्कम मनिऑर्डरीने विक्रेत्याकडे पोचती करावयाची. पैसे आगाऊ पाठविण्याची जोखीम यामुळे खरेदीदारावरून उतरली. पण पुडके उघडण्याआधी रक्कम मोजावी लागे, त्यामुळे आत काय निघेल याची जोखीम त्याच्यावर राहिलीच. उलट मागवणाऱ्याने व्ही. पी. सोडविलीच नाही तर जाण्याचे व येण्याचे दोन्ही हशील विक्रेत्याच्या माथी पडे, म्हणून अनेक प्रकाशक काही रक्कम आगाऊ मागत. १८९८ च्या टपाल कायद्यात, व्ही. पी. त लबाडी आढळल्यास वसूल झालेली रक्कम रोखून ती मागवणाऱ्याला परत करता यावी, यासाठी नियम करण्याची तरतूद होती. दूरच्या व्यवहारात पैसा विक्रेत्याच्या हाती पडण्यापूर्वी कोणीतरी तिऱ्हाइताने तो क्षणभर थांबवून धरावा, ही कल्पना त्या तरतुदीत आहे, आणि माझ्या मते खरेदीदाराच्या संरक्षणासाठी योजलेल्या उपायांत तिच्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. माल विक्रेत्याच्या दुकानातून निघाला आहे आणि खरेदीदाराच्या घरी पोचलेला नाही. या मधल्या अवस्थेत तो कोणाच्या जोखमीवर आहे? टपाल किंवा कुरिअर हा वाहक कोणाचा हस्तक समजावयाचा, विक्रेत्याचा की खरेदीदाराचा? या प्रश्नाचे उत्तर ज्याला समजले त्याला विलंबाच्या बहुतेक वादांत आपली बाजू कोणती हे आपोआप कळते.

या संबंधातील एक प्रसिद्ध निवाडा मराठी मुलखातील एका कारखान्याच्या नावाने ओळखला जातो. कऱ्हाडजवळच्या, परंतु तेव्हा औंध संस्थानात मोडणाऱ्या ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याने आपले कंदील हिंदुस्थान सरकारला विकले होते. सरकारने त्यांच्या किमतीचे चेक दिल्लीहून टपालाने पाठविले, आणि ते औंध संस्थानात कारखान्याच्या हाती पडले. पैसे नेमके कोठे मिळाले असे समजावयाचे, दिल्लीत की औंधात, यावर इंग्रजी मुलखातील प्राप्तिकर अवलंबून होता. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कारखान्यानेच रक्कम चेकने पाठविण्याची विनंती केलेली होती आणि चेक टपालाने यावा हे त्या विनंतीत अभिप्रेत होते. म्हणून टपालखाते हे कारखान्याचे हस्तक ठरते, आणि चेक दिल्लीत टपालात पडला त्या क्षणीच पैसे कारखान्याला मिळाले. अशी विनंती नसती तर टपालखाते पाठविणाऱ्याचेच हस्तक राहिले असते. निवाडा पैशांपुरता आहे, मालाविषयी नाही. तरीही त्यातील तत्त्व बोधप्रद आहे. वाहक कोणाचा, हे त्याला कोणी निवडले आणि कोणाच्या सांगण्यावरून निवडले यावर ठरते.

मालाच्या बाबतीत १९३० चा मालविक्री कायदा प्रथमदर्शनी खरेदीदाराला प्रतिकूल दिसतो. सौद्याप्रमाणे माल पाठवावयाचा असेल तर तो वाहकाच्या हवाली करणे म्हणजे खरेदीदाराच्या हवाली करणेच होय, असे त्याच्या ३९ व्या कलमात प्रथमदर्शनी मानलेले आहे. आणि ‘आम्ही माल रवाना केला, पुढचे कुरिअरवाल्याला विचारा’ हे जे उत्तर आजही विक्रेत्यांच्या तोंडी असते, त्याचा उगम याच समजुतीत आहे. परंतु त्याच कलमाचा दुसरा भाग सांगण्याचे विक्रेते टाळतात. मालाचे स्वरूप आणि एकंदर परिस्थिती पाहता वाजवी ठरेल असाच करार विक्रेत्याने वाहकाशी केला पाहिजे. तसा त्याने केला नाही आणि माल वाटेत हरवला किंवा बिघडला, तर वाहकाकडे दिलेला माल आपल्याला मिळाला असे मानण्यास खरेदीदार नकार देऊ शकतो. शिवाय ३६ व्या कलमानुसार, पाठविण्याची मुदत ठरलेली नसेल तेव्हा माल वाजवी मुदतीत रवाना करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. आजच्या व्यवहारात वाहकाची निवड खरेदीदार बहुधा करीतच नाही. कोणत्या कंपनीकडून पार्सल येणार हे त्याला रवानगीनंतर कळते. ज्याने वाहक निवडला त्यानेच त्याच्या वर्तनाची जबाबदारी घ्यावी, हे मला कायद्याच्या दृष्टीने आणि न्यायबुद्धीच्या दृष्टीनेही उचित वाटते.

सुदैवाने या बाबतीत तर्कावर विसंबून राहण्याची आता आवश्यकता नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० रोजी अमलात आला, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस ई-वाणिज्यासंबंधीचे नियम जारी झाले. ऑनलाइन बाजारपेठेतून माल विकणाऱ्याने, माल सदोष किंवा नकली असेल, जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा नसेल, अथवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोचविला असेल, तर तो परत घेण्यास किंवा त्याची रक्कम परत करण्यास नकार देता कामा नये, असे हे नियम स्पष्ट सांगतात. विलंब दैवी आपत्तीसारख्या अनिवार्य कारणाने झाला असेल तर तेवढा अपवाद ठेवलेला आहे. याचा अर्थ असा की, सदोष माल आणि उशिरा आलेला माल यांना नियमांनी एकाच पंक्तीत बसविले आहे. हा बदल मोठा आहे, पण त्याची जाणीव फार थोड्यांना आहे; उशीर झाला तरी माल आला ना, मग गप्प बसावे, अशीच सर्वसाधारण वृत्ती दिसते.

ही वृत्ती किती नुकसानकारक ठरते, याचे एक कल्पित परंतु सर्वस्वी संभाव्य उदाहरण घेऊ. मंठा तालुक्यातील एका शेतकऱ्याचा बॅटरीवर चालणारा फवारणीपंप ऐन श्रावणात बंद पडला. सोयाबीनवर अळी आलेली आहे. त्याने नवा पंप मागविला, पृष्ठावर सहा दिवसांची मुदत दिलेली होती, रक्कम त्याने आगाऊ भरली. सहाव्या दिवशी माल निघालेलाच नव्हता, आणि पंधराव्या दिवशी पंप हाती पडला तेव्हा पिकाचे व्हावयाचे ते नुकसान होऊन चुकले होते. १८७२ च्या करार कायद्याचे ५५ वे कलम येथे उपयोगी पडते. ठराविक वेळेत काम होणे हा कराराचा गाभा आहे असा उभय पक्षांचा हेतू असेल, तर मुदत टळताच समोरच्याला करार रद्द करण्याचा अधिकार प्राप्त होतो; आणि वेळ हा गाभा नसला तरी विलंबाने झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. मात्र वेळ महत्त्वाची आहे हे विक्रेत्याला माहीत होते, असे दाखविता आले पाहिजे. म्हणून मागणी नोंदविताना किंवा त्याच दिवशी विक्रेत्याला संदेश पाठवून, ‘अमुक तारखेपर्यंत माल हवा, त्यानंतर नको’ असे लिहून ठेवण्यात शहाणपणा आहे. मुदत टळल्यावर माल आला आणि तो स्वीकारणे भाग पडले, तर स्वीकारतानाच विलंबाबद्दलची तक्रार लेखी नोंदवावी. उशीर माहीत असून निमूटपणे घेतलेल्या मालाबद्दल मागाहून भरपाई मागणे याच कलमाने कठीण केले आहे.

वाहतूकखर्चाचे वाद विलंबाच्या वादांइतके दुःखद नसतात, पण ते अधिक गुंतागुंतीचे असतात. त्यांतील एक प्रकार वजनाच्या हिशेबातून उद्भवतो. कुरिअर कंपन्या पुष्कळदा पुडक्याच्या खऱ्या वजनाऐवजी त्याने व्यापलेल्या जागेवरून वजन धरतात: लांबी, रुंदी आणि उंची यांचा सेंटिमीटरांतील गुणाकार करून त्यास साधारणतः ५,००० ने भागतात. वरील पंपाचे खोके ४० बाय ३० बाय ५० सेंटिमीटरचे असेल, तर काट्यावर ते पाच-सहा किलो भरले तरी दर १२ किलोचा पडतो. विक्रेत्याला हा हिशेब आगाऊ ठाऊक असतो, किंवा असावयास हवा; तो चुकला म्हणून माल दारात आल्यावर खरेदीदाराकडून वाढीव रक्कम मागणे सर्वथा अनुचित होय. ई-वाणिज्याच्या नियमांची भाषा येथेही निःसंदिग्ध आहे. विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात दिली पाहिजे, आणि तिची फोड करून बटवड्याचा आकार, टपालहशील, हाताळणीचा खर्च, वाहतूक आणि कर हे सक्तीचे व ऐच्छिक सारे आकार दाखविले पाहिजेत. जुन्या जाहिरातीतील ‘ट. ह. निराळे’ हा शेरा आज पुरेसा नाही. निराळे म्हणजे किती, हेही सांगितले पाहिजे. प्रथम अल्प किंमत दाखवून पैसे भरण्याच्या अखेरच्या पायरीवर एकेक आकार प्रकट करणे, आणि न मागितलेली वस्तू किंवा सेवा खरेदीच्या टोपलीत गुपचूप टाकणे, या दोन्ही युक्त्यांचा समावेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत निषिद्ध ठरविलेल्या तेरा फसव्या पद्धतींत केला आहे.

पुस्तके मागविणाऱ्यांनी सरकारी टपालाचे दर ठाऊक करून घ्यावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. १ मे २०२५ पासून टपालखात्याने शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक छापील पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले आहे. त्यात ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुडक्यास २० रुपये आणि ५ किलोपर्यंतच्यास १०० रुपये असा दर असून कर वेगळा पडतो. ही सेवा भूपृष्ठमार्गे चालते, म्हणून ती मंद आहे. पण पातळशा पुस्तकावर शंभराच्या घरात टपालखर्च लावणाऱ्याला, हा दर कशाचा, असे विचारण्यास तिचा आधार घेता येतो.

माल परत पाठविण्याचा खर्च कोणी सोसावा, हा तिसरा आणि सर्वाधिक वितंडवादाचा मुद्दा. परतीच्या वाहतुकीचा खर्च कोणावर, हे विक्रेत्याने आधीच जाहीर करावे एवढे नियम सांगतात. मत बदलले म्हणून परत केलेल्या मालाचा खर्च खरेदीदाराने द्यावा यात अन्याय नाही. परंतु दोष विक्रेत्याचा असताना परतीचे हशील ग्राहकावर टाकणे म्हणजे अपराध एकाचा आणि दंड दुसऱ्याला, अशी स्थिती होय. मंठ्यासारख्या ठिकाणी त्यात आणखी एक अडचण असते: तेथे माल पोचविणाऱ्या कंपनीची परतीचा माल उचलण्याची व्यवस्था असतेच असे नाही, आणि मग ‘स्वतः पाठवा’ असे ग्राहकास सांगितले जाते. अशा वेळी टपालकचेरीतून पाठविलेल्या पार्सलाची पावती ही भरपाईच्या मागणीतील पुराव्याची पहिली चिठ्ठी समजून जपावी.

पत्त्यात लिहावयाचा ४३१५०४ हा मंठ्याचा पिनकोड या सर्व व्यवहाराचा आधार आहे. ही सहा अंकी योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील मराठी अधिकारी संस्कृतचे नामांकित कवी आणि नाटककार होते. पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाच्या जिल्ह्याचे, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष बटवडा करणाऱ्या कचेरीचे. पत्र कोणत्याही लिपीत, कोणत्याही हस्ताक्षरात असो, ते योग्य कचेरीत पोचावे हा तिचा उद्देश होता. त्याच आकड्यांवरून आज काही खाजगी कंपन्या ‘या पिनकोडवर माल पोचत नाही’ असे ठरवितात, तेव्हा जोडण्यासाठी निर्माण केलेले साधन वगळण्यासाठी वापरले जाते याचा विषाद वाटल्यावाचून राहत नाही. सरकारी टपालाचे तसे नाही. ते जात नाही असे गाव शोधावे लागेल. म्हणून विक्रेत्याने कुरिअर नाकारले तर स्पीड पोस्टाने पाठविण्याची विनंती जरूर करावी.

मात्र सरकारी टपालाच्या दायित्वास फार संकुचित मर्यादा आहेत, हेही जाणून असावे. १८९८ च्या कायद्याने टपाल हरवणे, उशिरा पोचणे किंवा भलत्याला मिळणे यांबद्दल खात्याला जवळजवळ पूर्ण माफी दिली होती. त्याची जागा घेणारा २०२३ चा कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला, त्यातही नियमांनी ठरविलेल्या दायित्वापलीकडे खाते बांधील नाही. देशांतर्गत स्पीड पोस्टास उशीर झाला तर भरलेले हशील परत मिळते. वस्तू हरवली किंवा खराब झाली तर हशिलाच्या दुप्पट रक्कम किंवा १,००० रुपये, यांपैकी जी कमी असेल ती मिळते. पाच हजारांची पैठणी विम्याविना पाठविणाऱ्या विक्रेत्याने वाहकाशी वाजवी करार केला असे म्हणता येईल काय, याचे उत्तर वर सांगितलेल्या ३९ व्या कलमात शोधावे. लोकांचा ज्यावर पिढ्यानुपिढ्या भरवसा होता ते ‘रजिस्टर’ टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, याचीही नोंद घ्यावी.

तक्रारीचा मार्ग कसा चालावा? प्रथम विक्रेत्याकडे आणि ऑनलाइन बाजारपेठेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावयाची आणि एका महिन्यात तक्रारीचे निवारण करावयाचे असते. बाजारपेठेने प्रत्येक तक्रारीला क्रमांक दिला पाहिजे. फोनवरील गोड आश्वासनांना पुराव्याच्या दृष्टीने काडीचे मोल नाही, म्हणून बोलणे झाल्यावर त्यातील मुख्य मुद्दे त्याच दिवशी लिहून पाठवावेत. मागणीच्या वेळी दिसलेली किंमत, मुदत आणि अटी यांची मोबाइलच्या पडद्यावरील छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण ते पृष्ठ नंतर बदलू शकते. माल न मिळताच ‘पोचला’ किंवा ‘ग्राहक घरी नव्हता’ अशी नोंद झाली तर त्याच दिवशी हरकत घ्यावी. आठवड्याने घेतलेली हरकत दुबळी पडते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक अशा तक्रारींसाठी आहे. परंतु विक्रेताच बनावट निघाला, पैसे घेऊन त्याने क्रमांक बंद केला, तर हा विलंबाचा मामला राहत नाही, फसवणुकीचा होतो. तेव्हा क्षणाचाही विलंब न लावता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर कळवावे, कारण बँकेतून पैसे पुढे जाण्याआधी ते रोखले जाण्याची शक्यता तेवढ्याच अवधीत असते. मालापूर्वी पूर्ण रक्कम एखाद्या व्यक्तीच्या खाजगी क्रमांकावर मागणाऱ्या अनोळखी विक्रेत्यापासून तर दूरच राहावे.

एवढ्यानेही दाद लागली नाही तर ग्राहक आयोग आहे. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढल्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली, तेव्हा ग्राहकाला स्वतःचे न्यायासन असावे ही मागणी पुष्कळांना अवास्तव वाटली असेल. १९८६ च्या कायद्याने ते न्यायासन दिले. पण त्या कायद्यात तक्रार सामान्यतः विक्रेत्याच्या ठिकाणी, किंवा जेथे तक्रारीचे कारण घडले तेथे करावी लागे, आणि ‘आमचा व्यवहार दिल्लीत झाला’ अशी कैफियत देऊन खेड्यातील ग्राहकाला थकविणे विक्रेत्याला सहज शक्य होते. २०१९ च्या नव्या कायद्याच्या ३४ व्या कलमाने ही अडचण दूर केली. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला जाता येते. विक्रेता गुरगावात असो की सुरतेत, मंठ्याच्या ग्राहकाने जालन्याच्या आयोगापुढे उभे राहावे, आणि विक्रेत्याने तेथे उत्तर द्यावे. तक्रार संगणकावरून दाखल करता येते, १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ‘ई-जागृती’ ही व्यवस्था आहे. सुनावणीस दूरदृश्य पद्धतीने हजर राहण्याची मुभा मागता येते. वकील देण्याची सक्ती नाही. मालासाठी मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क पडत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून ती दाखल करण्याची मुदत दोन वर्षांची आहे.